पालवणकर बाळू

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे या तालुक्यांत भाताची कापणी झाली, की मोकळ्या शेतांचीच क्रीडांगणे होतात. संध्याकाळी मुले जमतात, तीन काठ्या रोवून यष्टी उभ्या करतात आणि खेळास आरंभ होतो. एकच चेंडू साऱ्यांच्या हातांतून फिरतो. तहान लागली, की एकाच तांब्यातील पाणी सारे पितात. त्यात कोणास काही विशेष वाटत नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात एक थोर खेळाडू असा होऊन गेला, की त्याच्या हातचा चेंडू लोकांना हवा होता; पण त्याच्याशेजारी बसून चहा घेण्यास ते तयार नव्हते. त्या खेळाडूचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचे घराणे मूळचे कोकणातील. पालवण या गावावरून त्यांना पालवणकर हे आडनाव मिळाले. त्यांचा जन्म 1875 च्या सुमारास धारवाड येथे झाला. चर्मकार समाजातील हे कुटुंब. त्या काळी या समाजास अस्पृश्य मानीत. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे बाळूंचे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट खेळावयास शिकले. विठ्ठल आणि गणपत हे त्यांचे आणखी दोन बंधू. पुढे चौघेही नामांकित खेळाडू झाले.

घरची स्थिती बेताची असल्याने बाळूंना लवकरच कामास लागावे लागले. पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात मैदान झाडावे, खेळपट्टीवर रूळ फिरवावा आणि सभासदांना सरावासाठी अधूनमधून चेंडू टाकावेत, हे त्यांचे काम. वेतन महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे वेतन चार रुपये झाले. जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे ही कामे होतीच. पण तेथे त्यांच्या डावखुऱ्या गोलंदाजीकडे साहेबांचे लक्ष गेले. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नाणावलेले फलंदाज. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करीत. आपणास बाद केल्यास दर वेळी ते बाळूंना आठ आणे देत, अशी आठवण सांगतात. चेंडूला कधी या बाजूने, कधी त्या बाजूने वळण द्यावे, त्याचा टप्पा व वेग न कळत बदलावा, ही विद्या बाळूंनी अशा सरावातूनच हस्तगत केली. मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती कोणी कधी बॅट दिली नाही. फलंदाजी मोठ्या लोकांनी करावी आणि नोकराने चेंडू टाकावेत, असा तेथील रिवाज होता.

पुण्यातील हिंदूंच्या संघास युरोपियनांशी सामना खेळावयाचा होता. बाळूंवाचून विजय मिळणे कठीण, हे सर्वांना दिसत होते. पण अस्पृश्याला संघात घ्यावे कसे, हा प्रश्न होता. अखेर गुणांचा विजय झाला आणि बाळू संघात आले. परंतु हा विजय अर्धाच होता. मैदानावर सारे खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू झेलीत. विश्रांतीच्या वेळी मात्र इतरांना चिनी मातीच्या पेल्यांतून चहा मिळे आणि बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यातून. जेवणही वेगळे बसून करावे लागे. बाळूंनी हा अपमान सोसला आणि आपले उत्तर चेंडूनेच दिले. साताऱ्याच्या सामन्यात त्यांनी युरोपियन संघाचे सात गडी बाद केले व हिंदू संघास विजय मिळवून दिला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या विचारवंतांनी त्यांचा जाहीर गौरव केला. पुढे पुण्यातील जेवणाच्या पंगतीतही हळूहळू त्यांना स्थान मिळू लागले.

पुण्यात प्लेगची साथ आल्यानंतर बाळू मुंबईस आले. तेथील हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशास काहींनी हरकत घेतली. परंतु कर्णधारांच्या आग्रहामुळे ते संघात आले. रेल्वेच्या नोकरीत असताना ते रेल्वेच्या संघाकडूनही खेळले. 1906 साली मुंबईत हिंदू आणि युरोपियन या संघांचा गाजलेला सामना झाला. हिंदूंनी 242 व 160 धावा केल्या. युरोपियनांचे डाव 191 व 102 धावांत आटोपले. हिंदू संघ 109 धावांनी विजयी झाला. गोलंदाजीचा मोठा भार बाळूंनी उचलला होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद देशभर पसरला.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू आणि शिवराम हे दोघेही त्या संघात होते. संघास बहुतेक सामन्यांत पराभव पत्करावा लागला. पण वयाची पस्तिशी गाठलेल्या बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन इंग्रज जाणकारांना चकित केले. विद्यार्थिदशेतील भीमराव आंबेडकरांनाही आपल्या या समाजबांधवाचा मोठा अभिमान वाटे.

एवढी कीर्ती मिळूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. त्यांच्यापेक्षा कमी अनुभवाचे खेळाडू कर्णधार होत आणि बाळू त्यांच्या हाताखाली निष्ठेने खेळत. 1920 साली प्रारंभी बाळूंना संघातूनच वगळण्यात आले व कर्णधारपदासाठी विठ्ठल यांचाही विचार झाला नाही. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेऊन या अन्यायाचा जाहीर निषेध केला. लोकमत त्यांच्या बाजूने झाले. पुढील सामन्यात बाळूंना उपकर्णधार म्हणून परत घ्यावे लागले आणि कर्णधार मैदानाबाहेर गेले असता काही काळ त्यांनी संघाचे नेतृत्वही केले. त्यानंतर बाळू निवृत्त झाले. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत त्यांनी 179 बळी घेतले होते.

1923 साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले व त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला. विजयानंतर प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. थोरल्या बंधूंनी ज्या दारावर वर्षानुवर्षे थाप मारली, ते दार धाकट्यासाठी उघडले.

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात वावरले. 1932 सालच्या पुणे कराराच्या वाटाघाटींत त्यांनी भाग घेतला. 1937 साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना 13,245 मते मिळाली व बाळूंना 11,225. दोघांचे मार्ग भिन्न होते; परंतु आपल्या समाजाच्या माथ्यावरील कलंक दूर व्हावा, ही तळमळ दोघांचीही होती. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

बाळूंनी आयुष्यभर ज्या खेळपट्टीची सेवा केली, तिने कधी त्यांची जात विचारली नाही. ती विचारली माणसांनी. आज पेण-रोह्याच्या शेतांत एका चेंडूमागे सारी मुले धावतात, एका तांब्यातील पाणी पितात. ही साधी वाटणारी गोष्ट सहज मिळालेली नाही. तिच्यासाठी कोणी तरी मंडपाबाहेर, हातात मातीचे भांडे घेऊन, धीराने उभे राहिले होते.