राणोजी शिंदे आणि उज्जयिनी

दक्षिणेकडून विंध्याद्रीचा घाट चढून आलेल्या प्रवाशाला माळव्याचे पठार प्रथम दिसते ते काळ्याभोर, सुपीक मातीच्या विस्तीर्ण सपाटीच्या रूपाने. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीच्या या भूमीचा उतार उत्तरेकडे आहे. त्यामुळे क्षिप्रा नदी दक्षिणेच्या नर्मदेकडे न वळता चंबळेला मिळते व तिचे पाणी पुढे यमुनेत जाते. याच क्षिप्रेच्या पूर्व तीरावर प्राचीन उज्जयिनी वसली आहे.

सातारा प्रांतातील कण्हेरखेडच्या पाटील घराण्यात जन्मलेले राणोजी शिंदे पेशव्यांच्या पदरी साध्या चाकरीपासून चढत गेले आणि थोरल्या बाजीरावांचे विश्वासू सरदार झाले. १७३० नंतर माळव्याच्या वसुलाची वाटणी झाली, तेव्हा त्यांनी उज्जयिनीस आपले ठाणे केले. घोड्यांना चारा, फौजेला धान्य, बारमाही पाणी आणि उत्तरेची मोकळी वाट, हे सारे येथे एकत्र मिळत होते. या फौजांचा व वसुलाचा भार माळव्याच्या रयतेनेच वाहिला, हेही आम्हांस येथे नमूद केले पाहिजे.

परंतु राणोजी केवळ वसूल गोळा करून परतले नाहीत. १२३५ च्या सुमारास अल्तमशाच्या स्वारीत उद्ध्वस्त झालेले महाकालेश्वराचे मंदिर त्यांच्या कारकिर्दीत पुन्हा उभे राहिले. ते कार्य त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी सिद्धीस नेले. नगरीला तिचे दैवत परत मिळाले आणि यात्रेकरूंबरोबर बाजारपेठही सजली.

१७४५ मध्ये माळव्यातच, शुजालपूर येथे, राणोजींचा अंत झाला. पुत्र जयाप्पा १७५५ मध्ये नागोर येथे मारले गेले व दत्ताजी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. महादजींनी मात्र घराण्याचे नाव दिल्लीपर्यंत नेले. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरास हलविली आणि उज्जयिनीचे राजकीय वैभव ओसरले. तरीही संबंध तुटला नाही. सवाई जयसिंगांनी क्षिप्रेकाठी बांधलेल्या जीर्ण वेधशाळेची दुरुस्ती १९२३ मध्ये ग्वाल्हेर दरबारानेच केली.

बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरणाऱ्या आम्हां मंडळींना राणोजींचे चरित्र म्हणूनच जवळचे वाटते. आज शिंद्यांची राजधानी तेथे नाही. मात्र महाकालाच्या दर्शनाला येणाऱ्या देशभरच्या भाविकांची रांग अखंड आहे. परमुलखात राहताना त्या गावाचे जे हरवले ते त्याला परत मिळवून द्यावे, एवढा बोध आम्ही त्यातून घेतो.