लोककवी वामनदादा कर्डक यांचा जीवनप्रवास

वणीपासून उमरखेडपर्यंत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात चौदा एप्रिल असो, वैशाख पौर्णिमा असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, वामनदादांचं गाणं झाल्याशिवाय सहसा कार्यक्रम पुरा होत नाही. बाळाच्या नामकरणात त्यांचं गाणं, लग्नाच्या मांडवात त्यांचं गाणं आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशीही त्यांचंच गाणं. गाणं सर्वांच्या ओठावर आहे. पण ते रचणारा माणूस कोण होता, कुठून आला, कसा जगला, हे आपल्या वस्तीतल्या नव्या पिढीला नीट ठाऊक नाही. म्हणून विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत आम्ही दादांचा जीवनप्रवास थोडक्यात मांडीत आहोत.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या खेड्यात झाला. आईचे नाव सईबाई. सदाशिव हा थोरला भाऊ आणि सावित्री ही बहीण. महाराच्या घरात जन्मलेल्या पोराच्या वाट्याला त्या काळी जे यायचं तेच वामनच्याही वाट्याला आलं. शाळा त्याच्यापर्यंत पोहोचली नाही. गुरं राखणं, मोलमजुरी आणि मिळेल ते काम करण्यात बालपण सरलं. मात्र अंगात कसब होतं. कुस्ती, लेझीम, तमाशातील गाणी यांची पोराला भारी ओढ. कानावर पडलेली चाल तो कधी विसरत नसे. पाटी-पेन्सिल नव्हती, तेव्हा कान हीच त्याची वही झाली.

तो काळ जागृतीचा होता, हे लक्षात घेतलं पाहिजे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वामन सात वर्षांचा होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्याच जिल्ह्यातील येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतून जलसे निघाले आणि पुढे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. त्यांपैकी भीमराव कर्डक यांचा जलसा नाशिक जिल्ह्यातलाच. (आडनाव एक असल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो, भीमराव वेगळे, वामनदादा वेगळे.) ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार गाण्यानेच पोहोचत होता. दादांची मुळं ही अशी दोन ठिकाणी आहेत. एक देशवंडीच्या मातीत आणि दुसरं या जलशांच्या परंपरेत.

लहान वयात लग्न झालं, पण तो संसार टिकला नाही. त्या संसारातली लेकही बालपणीच गेली. हे दुःख उरात घेऊन आईसोबत वामनने मुंबई गाठली. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत आसरा मिळाला. पोटासाठी कोळशाच्या वखारीत काम केलं, खडी फोडली, माती वाहिली, चिक्की विकली, पुढे टाटांच्या तेल कंपनीत नोकरी केली. सिनेमात काम मिळावं म्हणून स्टुडिओच्या वाऱ्याही केल्या. चाळीत समता सैनिक दल होतं, लेझीम होती. तिथे वामन रमला.

आणि तिथेच एक लहानशी गोष्ट घडली, जिने पुढचं सारं आयुष्य बदललं. चाळीतल्या एका माणसाने पत्र वाचून दाखवायला त्याच्या हाती दिलं. वामनला अक्षर येत नव्हतं. भरल्या जवान वयात आपल्याला चार ओळी वाचता येऊ नयेत, ही लाज त्याला डाचू लागली. देहलवी नावाच्या मास्तरांकडे तो बाराखडी शिकला. मग रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचायच्या, अक्षराला अक्षर जोडायचं, जोडाक्षर अडलं की विचारायचं, अशी ही शाळा चालली. आमच्या मते दादांच्या जीवनातला सर्वांत मोठा प्रसंग हाच. शिका, हा बाबासाहेबांचा आदेश कोणी शाळेत पाळला, कोणी कॉलेजात पाळला. दादांनी तो मुंबईच्या रस्त्यावर पाळला.

१९४३ साली नायगावला त्यांनी बाबासाहेबांना पाहिलं. त्याच साली पहिलं गाणं रचलं. ते एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. लोक हसले, त्यांनी दाद दिली, आणि आपल्याला हे जमतं हे वामनला कळलं. तेव्हापासून लेखणी थांबली नाही. हजारो गाणी त्यांनी लिहिली. बाबासाहेबांवर, बुद्धावर, फुल्यांवर तर लिहिलीच. पण लावणी, पोवाडा, कव्वाली, पाळणा, कोळीगीत, गझल असा एकही प्रकार त्यांनी सोडला नाही. हिंदीतही रचना केल्या. शेतमजूर, गिरणी कामगार, घर चालवणारी बाई यांचं दुःख त्यांनी सोप्या बोलीत मांडलं. देशाची दौलत कोणाच्या घरात जाते आणि कष्टकरी उपाशी का राहतो, हा सवालही त्यांनी गाण्यातून उघड केला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. समाज पोरका झाला. अशा वेळी गावोगाव फिरून माणसांना धीर देणारे जे थोडे लोक होते, त्यांत दादा पुढे होते. पुढे पक्षात फुटी पडू लागल्या, तेव्हा आपल्याच पुढाऱ्यांना चार शब्द सुनावायलाही ते कचरले नाहीत. त्यांनी कोणाची चाकरी पत्करली नाही, म्हणूनच हे बोलणं त्यांना शक्य झालं.

विदर्भ-मराठवाड्याची खेडी दादांनी पायाखाली घातली. बोलावणं आलं की जायचं, मिळेल ती भाकर खायची, मिळेल ती बिदागी घ्यायची. घर पत्नी शांताबाईंनी सांभाळलं. दादांचं नाव घेताना या माउलीला विसरता कामा नये. श्रावण यशवंते यांच्यासारख्या गायकांनी दादांची गाणी आपल्या आवाजात घरोघर नेली. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह निघाले, ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन आलं. १९९३ साली आपल्या शेजारी, वर्धा नदीपलीकडे, वर्धा येथे पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद दादांना देण्यात आले. ज्याला एकेकाळी पत्र वाचता आलं नाही, तो साहित्यिकांच्या मेळ्याचा अध्यक्ष झाला. मात्र पैसा-अडका त्यांच्या गाठीला कधी लागला नाही. १५ मे २००४ रोजी नाशिक येथे वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता थोडं आपल्याबद्दल. दादांच्या पुष्कळ गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येतं. संतांच्या अभंगात नाव येतं किंवा कव्वालीत शायर शेवटी आपलं नाव गुंफतो, तशीच ही खूण. त्यांनी ना घर बांधलं, ना इस्टेट केली. एवढी सहीच काय ती मागे ठेवली. पण आज काय होतं? जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर मुखडा वाजतो, एक कडवं होतं आणि लगेच दुसरं गाणं लागतं. शेवटचं कडवं येतच नाही. म्हणजे गाणं राहतं आणि वामन जातो. पोरं नाचतात, त्याला आमची ना नाही. आनंदाचा दिवस आहे, नाचावं. पण ज्या गाण्याने आपल्या आजा-आजीला शहाणं केलं, त्यातला विचार ढोलाच्या आवाजात बुडू नये.

म्हणून आमची वस्तीतल्या सर्व उपासक-उपासिकांना, विशेषतः महिला मंडळाला आणि तरुण मित्रांना विनंती आहे. ज्या आया-बहिणींना दादांची गाणी पाठ आहेत, त्यांच्याकडून ती वहीत उतरवून घ्या. रविवारच्या वंदनेनंतर मुलांना एक तरी गाणं शिकवा, त्याचा अर्थ सांगा. गाणाऱ्याने आधी रचणाऱ्याचं नाव सांगावं आणि गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत न्यावं. आणि वस्तीत कोणी लिहा-वाचायचं राहून गेलेलं असेल, तर त्याला दादांची गोष्ट जरूर सांगा. अक्षर शिकायला वय आडवं येत नाही.

लोककवी वामनदादा कर्डक यांच्या स्मृतीस आम्हा सर्वांचे विनम्र अभिवादन.

जयभीम! नमो बुद्धाय!