काळाराम मंदिराचा दरवाजा आणि दादासाहेब

स्मरणिकेसाठी पंचवटीतील एका मोठ्या माणसाबद्दल लिही, असे समितीने सांगितले तेव्हा माझ्या मनात भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे नाव आले. काळाराम मंदिराच्या गल्लीतून आपण किती वेळा गेलो असू! तेथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वर्षे गेली.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी झाला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्याचे चिटणीस होते दादासाहेब. मंदिराचे चारही दरवाजे बंद झाले आणि प्रत्येक दरवाज्यासमोर सत्याग्रहींच्या तुकड्या बसल्या. एप्रिलमध्ये रथोत्सवात दोन्ही बाजूंनी रथ ओढायचा, असे ठरले होते. ऐन वेळी रथ पळवला गेला आणि दगडफेक झाली.

बाबासाहेबांना गोलमेज परिषदेसाठी लंडनला जावे लागले, तरी इथला लढा थांबला नाही. माणसे जमवणे, पत्रव्यवहार, अटकेत गेलेल्यांची काळजी हे सारे दादासाहेबांकडे होते. मी संगणकाच्या क्षेत्रात काम करते. मोठी यंत्रणा वर्षानुवर्षे चालू ठेवणारा माणूस सहसा पडद्यामागे असतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्यांचे हे काम मला फार मोठे वाटते.

१९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्राने कळवले, की आता शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावी. चार वर्षे ज्या दारासाठी झगडलो ते बंद असतानाच माघारी फिरायचे, हे सोपे नव्हते. पण दादासाहेब खचले नाहीत. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर आणि १९६२ मध्ये राज्यसभेवर गेले. मंदिराच्या दारापुढे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना स्वतःची जमीन नव्हती. १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह त्यांनी उभे केले. दुसऱ्या वेळी देशभरात लाखो लोक तुरुंगात गेले.

१९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले. आज भूमिहीन दलित कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी राज्य सरकारची योजना त्यांच्याच नावाने आहे.

मेळाव्याला आलात की मुलाबाळांना काळाराम दाखवायला न्यालच. दरवाज्यापाशी दोन मिनिटे थांबून त्यांना दादासाहेबांचे नावही सांगा.