रमाबाईंचं इंग्रजी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असं समितीने सांगितलं तेव्हा बहुतेकांनी वर्गातल्या गमतीजमती लिहिल्या असणार, हे गृहीत धरलं. म्हणून मी आपल्या सगळ्यांच्या जुन्या दुखण्यावर लिहायचं ठरवलं, ते म्हणजे इंग्रजी. आपली बॅच पाचवीत ए-बी-सी-डी गिरवणारी. दहावीपर्यंत बाईंनी व्याकरण इतकं घोटून घेतलं की पॅसिव्ह व्हॉइस झोपेतही जमायचा, पण तोंड उघडून चार वाक्यं बोलायची वेळ कधी आली नाही. ती आली थेट इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. तिथे एका प्राध्यापकांनी मराठी माध्यमवाल्यांना पहिल्याच तासाला हात वर करायला लावले होते. का, ते त्यांनाच ठाऊक. त्या वर्षी वसतिगृहाच्या वाचनालयात रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हाती लागलं. तेव्हापासून त्या माझ्या इंग्रजीच्या वर्गातल्या सीनियर आहेत.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, देवराष्ट्रे गावचा, माहेर कुर्लेकरांचं. १८७३ च्या डिसेंबरात त्यांचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं. नवरी अकरा वर्षांची, नवरदेव एकतीसचे. रानड्यांची पहिली बायको त्याच वर्षी वारली होती. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, त्यामुळे आता ते विधवेशीच लग्न करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी कुमारिकेशी केलं आणि त्यावरून टीकाही सोसली. या लग्नाचं समर्थन मला करता येत नाही, करायचंही नाही. पण त्यातून पुढे जे घडलं ते मात्र सांगण्यासारखं आहे.

मुलीला अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी लग्नानंतर लगेच धुळाक्षरांपासून सुरुवात केली. त्यांना वेळ मिळेना तेव्हा फीमेल ट्रेनिंग कॉलेजातल्या एक शिक्षिका घरी येऊ लागल्या. पुण्याचं ते घर माणसांनी भरलेलं. सासूबाई, वन्सं, नात्यातल्या आणखी बायका. त्यांच्या दृष्टीने बाईने पुस्तक घेऊन बसणं म्हणजे वडिलधाऱ्यांचा अपमान. नवरा म्हणतो म्हणून काय झालं, बाईमाणसाने कानाडोळा करायला शिकावं, असा त्यांचा सल्ला. दिवसभर घरकाम, टोमणे, अबोला. आणि रात्री वर माडीवर धडा. सासरी जाताना वडिलांनी रमाबाईंना बजावून ठेवलं होतं की कितीही त्रास झाला तरी उलट उत्तर द्यायचं नाही आणि नवऱ्याकडे चहाडी करायची नाही. तेही त्यांनी पाळलं. म्हणजे खाली काय चाललंय ते वर सांगायचं नाही, आणि वर जे शिकलो ते खाली दिसू द्यायचं नाही. आपल्याला बोर्डाच्या परीक्षेचं टेन्शन होतं म्हणे!

१८७८ मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली आणि पहिल्यांदा दोघांचाच संसार थाटला. इंग्रजीचा अभ्यास खरा तिथे रुजला. पुढच्या वर्षी धुळ्याला बदली झाली, तिथेही तो चालू राहिला. यात मला एक गोष्ट फार व्यवहारी वाटते. भाषा शिकायला हुशारी लागते त्याहून जास्त लागते ती निवांत जागा, जिथे चुकलं तरी कोणी हसणार नाही अशी. रमाबाईंना ती मिळायला सरकारी बदली व्हावी लागली. माझ्याबाबतीत बोलायचं तर ती जागा म्हणजे माझी रूममेट होती, तीही मराठी माध्यमाचीच. रात्री दिवे बंद झाल्यावर आम्ही दोघी अंधारात इंग्रजी बोलायचो. तोंड दिसत नसलं की धीर येतो.

पुढे पुण्याला परत आल्यावर रमाबाईंना इंग्रजी शिकवायला मिशनरी मडम घरी येऊ लागली आणि सोवळ्याओवळ्याचा नवा प्रश्न उभा राहिला. मडमेच्या शेजारी बसून धडा घेतला की आंघोळ केल्याशिवाय घरात वावरायचं नाही. पुण्यातल्या पौष महिन्यातल्या संध्याकाळी ज्यांनी अनुभवल्या आहेत त्यांना या फीची किंमत कळेल.

मग तो प्रसंग आला. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं, अशी मागणी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे मांडायची होती. निवेदन इंग्रजीत, मजकूर रानड्यांनी लिहून दिलेला, आणि भर सभेत वाचून दाखवायचं रमाबाईंनी. वय अवघं विशीतलं. ज्या घरात मराठी पुस्तक हातात धरल्याबद्दल बोलणी खावी लागत, त्या घरातली सून परक्या पुरुषांसमोर, साहेबासमोर, साहेबाच्याच भाषेत उभी राहिली. सभेत कौतुक झालं. घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. तोंडसुख घेणाऱ्या बायकांना त्यांनी उत्तर दिलं नाही. १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल सुरू झालं, ते हुजूरपागेत आजही भरतं.

इथे एक शंका नेहमी माझ्या मनात येते, आणि आपल्या वर्गातल्या काही मैत्रिणी ती नक्की विचारतील. मजकूर नवऱ्याचा, हौस नवऱ्याची. मग यात रमाबाईंचं काय? मी बराच विचार केला. सुरुवातीला ते सगळं रानड्यांचंच होतं, यात वाद नाही. पण रानडे दिवसभर कोर्टात असत. खालच्या मजल्यावर रोज एकटीने उभं राहायचं ते रमाबाईंनी. सोडून देणं अगदी सोपं होतं. घरातल्या बायका खूश झाल्या असत्या आणि नवऱ्याला दोन वर्षांनी नाद सोडावा लागला असता. त्यांनी सोडलं नाही, तेव्हाच ते इंग्रजी त्यांचं झालं. पुढे रानड्यांची नजर अधू म्हणून वर्तमानपत्रं, टपाल, पुस्तकं त्याच त्यांना वाचून दाखवत. एका हायकोर्ट जज्जाचे डोळे व्हायचं म्हणजे किती वाचन झालं असेल, विचार करा.

कलकत्त्याची हकिकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८८६ मध्ये रानडे सरकारच्या फायनान्स कमिटीवर होते, म्हणून दोघं कलकत्त्याला राहिले. बंगाली वाचता येत नाही म्हणून रमाबाईंनी दारावर आलेलं बंगाली वर्तमानपत्र परत पाठवलं. जिथे राहतो तिथली लिपी येऊ नये याचं रानड्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी बंगाली पुस्तकंच विकत आणली. एक दिवस रमाबाई पाहतात तो न्हावी दाढी करतोय आणि रावबहादूर पुस्तक हातात धरून त्याला उच्चार विचारताहेत! रमाबाईंनी थट्टा केली, तर त्यांनी दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंचा दाखला दिला. मग बायकोलाही बंगाली शिकवलं. आमच्या कंपनीत संवादकौशल्याच्या प्रशिक्षणावर बराच पैसा खर्च होतो. तिथे मी ही गोष्ट दोनदा सांगितली आहे, एकदा इंग्रजीतून.

१९०१ मध्ये रानडे गेले. रमाबाई एकोणचाळीस वर्षांच्या, पदरी मूल नाही. त्या काळातल्या विधवेने कोपरा धरायचा, हाच रिवाज. शोकाचा काळ सरल्यावर त्या बाहेर पडल्या त्या अखेरपर्यंत थांबल्या नाहीत. १९०४ मध्ये मुंबईला भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. प्रौढ बायकांचे वर्ग, शिक्षिका तयार करणं, मुलींना नर्सिंग शिकायला ससूनमध्ये पाठवणं, ही त्यांची कामं. विधवा मुलीने नर्स व्हायचं म्हणजे परपुरुषाला हात लावायचा, असं म्हणणाऱ्यांशी त्यांनी कसा सामना केला असेल याची कल्पना येते. खालच्या मजल्याची सवय होती! मुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हावं म्हणून आणि बायकांच्या मताच्या हक्कासाठीही त्या लढल्या. १९२४ मध्ये त्या वारल्या.

एवढं इंग्रजी शिकलेल्या या बाईने स्वतःचं पुस्तक लिहिलं ते मात्र मराठीत, १९१० मध्ये. मला त्यात विरोध दिसत नाही. साहेबाशी बोलायचं होतं तेव्हा त्या इंग्रजीत बोलल्या. नवऱ्याविषयी, सासूविषयी, त्या माडीविषयी बोलायचं तर ती मराठी. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. गेल्या सुट्टीत तिला हे पुस्तक वाचायला दिलं तर दोन पानांत अडकली. आता रोज रात्री मी वाचते आणि ती ऐकते, मध्येमध्ये शब्द विचारते. निम्मं पुस्तक झालंय. उरलेलं तिने एकटीने वाचावं अशी माझी इच्छा आहे, पण सक्ती नाही.

तसं या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतरही आहे. कॅथरिन गेट्स नावाच्या बाईंनी १९३८ मध्ये ते अमेरिकेत प्रसिद्ध केलं. रमाबाई नवऱ्याचं नाव न घेता सगळीकडे ‘स्वतः’ असं लिहितात. गेट्सबाईंनी तोच शब्द उचलला आणि पुस्तकाचं नाव ठेवलं ‘हिमसेल्फ’.