आल्फ्रेड नोबेल

इटालियन शास्त्रज्ञ सोब्रेरो यांनी १८४७ साली नायट्रोग्लिसरीन हे तेलासारखे द्रव्य शोधून काढले. परंतु जरासा धक्का लागताच त्याचा भयंकर स्फोट होई. खाणी व बोगदे खोदण्यासाठी हे द्रव्य निर्धोक करण्याचा ध्यास आल्फ्रेड नोबेल यांनी घेतला.

नोबेल यांचा जन्म १८३३ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे झाला. १८६४ साली तेथेच त्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन धाकटा भाऊ एमिल व इतर काही जण मृत्युमुखी पडले. नोबेल शोकाकुल झाले. पण त्यांनी प्रयोग सोडले नाहीत. एका सच्छिद्र मातीत ते द्रव्य मुरवले, तर सहजासहजी त्याचा स्फोट होत नाही, असे त्यांना आढळले. हेच डायनामाइट! १८६७ साली त्याचे पेटंट त्यांना मिळाले.

उतारवयात नोबेल यांना हृदयविकार जडला. तेव्हा डॉक्टरांनी औषध सुचवले, ते नायट्रोग्लिसरीनच! त्याच्या अत्यल्प मात्रेने रक्तवाहिन्या रुंदावतात व छातीतील कळ शमते. १८९६ साली नोबेल निवर्तले. आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग त्यांनी मानवजातीचे हित साधणाऱ्यांच्या पारितोषिकांसाठी ठेवला होता. या औषधाच्या गुणाचे मर्म उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिकच लाभले. ज्या द्रव्याने भावाचा बळी घेतला, तेच आज असंख्य रुग्णांना दिलासा देत आहे.