ऊस, सावकार आणि धनंजयराव गाडगीळ

कोयता आपल्या माणसांच्या हाती आणि गिरणी मळेवाल्याची, हा व्यवहार मॉरिशसमधील आपल्या वाडवडिलांनी जन्मभर पाहिला. म्हणूनच, ऊस पिकविणाऱ्यांनाच कारखान्याचे मालक करण्याच्या प्रयोगात उतरलेल्या एका पुणेकर प्राध्यापकाची ओळख आमच्या वाचकांना करून द्यावी असे आम्हांस वाटते.

धनंजयराव गाडगीळ यांचा जन्म १९०१ साली झाला. केंब्रिजला शिकून त्यांनी भारतातील उद्योगधंद्यांच्या वाढीवर लिहिलेला ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. पुढे काही वर्षे ते सुरतेस कॉलेजचे प्राचार्य होते. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, आणि १९६६ पर्यंत तिचे संचालकपद त्यांनीच सांभाळले.

आधी मोजावे, मग सल्ला द्यावा, अशी त्यांची रीत होती. संस्थेची माणसे घरोघर जात, कमावते किती, खाणारे किती, कर्ज किती ते टिपून घेत. गोदावरी व प्रवरा कालव्यांचा अभ्यासही असाच झाला. सरकारला पाणीपट्टी किती मिळते एवढेच न पाहता, पाण्यामुळे त्या मुलखाला काय मिळाले याचा हिशोब त्यात मांडला होता. तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्याच प्रवरेच्या काठी, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचे भागभांडवल जमवीत हिंडत होते. गाडगीळ नुसता सल्ला देऊन थांबले नाहीत. ते त्या सहकारी कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. मात्र मालक झाला तो ऊस पिकविणारा. तोडणारा मजूर मजूरच राहिला. आपल्यासारख्यांच्या हे चटकन ध्यानात येते.

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीतही ते होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे पाहून झाल्यावर १९५४ साली अहवाल आला. शेतकरी शंभर रुपये कर्ज काढी, त्यांतले सुमारे सत्तर सावकाराचे असत. सहकारी सोसायट्यांचे जेमतेम तीन! सहकाराची पन्नास वर्षे उलटल्यावरचा हा आकडा. तो समोर आल्यावर सरकारला स्वस्थ बसवेना. समितीच्या शिफारशीनुसार १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि तिला खेड्यांकडे शाखा काढण्यास लावले. सोसायट्यांत सरकारनेही भाग घ्यावा, ही दुसरी शिफारस. पैसा आला, पण त्यामागून सरकारी हातही आला, आणि त्याचा ताप पुढे सहकाराला झाला असे आमचे मत आहे.

१९६७ साली ते दिल्लीस नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राने राज्यांना योजनेसाठी किती मदत द्यावी याची तोवर नित्य ओढाताण चाले. १९६९ साली त्यांनी सूत्र बांधून दिले. काही अडचणीतील राज्यांचा वाटा आधी बाजूला काढावा; उरलेल्यातील साठ टक्के लोकसंख्येवर आणि बाकीचे दरडोई उत्पन्न, करवसुली, अपुरे राहिलेले मोठे प्रकल्प व खास अडचणी पाहून द्यावेत. मंत्र्याची मर्जी थोडी मागे सरली. पुढे फेरफार होत ते ‘गाडगीळ सूत्र’ आयोग असेतो, म्हणजे २०१५ सालापर्यंत, टिकले.

गाडगीळांनी १९७१ साली ते पद सोडले. ३ मे रोजी पुण्याला परतत असताना आगगाडीतच त्यांचे निधन झाले.