डब्ल्यू. टी. स्टेड : प्रश्नाचा अधिकार आणि प्रश्नाची निवड

१. प्रास्ताविक

राष्ट्राच्या प्रमुखाची पत्रकार परिषद चालू आहे, अशी कल्पना करा. महागाई, संरक्षण, शेतीमालाचे भाव हे विषय ऐरणीवर आहेत. अशा वेळी एक पत्रकार उठतो आणि एखाद्या गाजलेल्या नटीच्या विवाहाविषयी त्या नेत्याचे मत विचारतो. नेता हसून उत्तर देतो, सभागृहही हसते आणि दुसऱ्या दिवशी तेच उत्तर पहिल्या पानावर छापून येते. असा प्रश्न विचारावा का? वृत्तपत्रीय लेखनाच्या अभ्यासकाला हा विचार टाळता येत नाही. केवळ आचारसंहितेची कलमे वाचून त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. म्हणून या घटकात आपण एका संपादकाचे चरित्र पाहणार आहोत. प्रसिद्धीचे सामर्थ्य विल्यम थॉमस स्टेड यांच्याइतके ओळखणारे संपादक त्यांच्या काळात थोडेच होते. त्या सामर्थ्याचा उपयोग आणि दुरुपयोग या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रात आढळतात.

२. जडणघडण

स्टेड यांचा जन्म ५ जुलै १८४९ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थम्बरलँड परगण्यात, एम्बल्टन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि मुलाचे आरंभीचे शिक्षण त्यांनी घरीच केले. पुढे दोन वर्षे निवासी शाळेत काढल्यावर स्टेड न्यूकॅसल येथे एका व्यापाऱ्याच्या कचेरीत उमेदवारीला लागले. महाविद्यालयाची पायरी त्यांनी चढली नाही. नोकरी सांभाळून ते डार्लिंग्टनच्या ‘नॉर्दर्न एको’ या दैनिकाला लेख पाठवू लागले आणि १८७१ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याच दैनिकाचे संपादक झाले.

१८७६ साली बल्गेरियात ऑटोमन सत्तेच्या फौजांनी केलेल्या कत्तलींच्या वार्ता इंग्लंडमध्ये येऊ लागल्या. पंतप्रधान डिझरायली यांचे सरकार त्या वार्तांना फारसे महत्त्व देण्यास तयार नव्हते. स्टेड यांनी आपल्या प्रांतिक दैनिकातून हा विषय लावून धरला आणि ठिकठिकाणी निषेधसभा भरवण्यास चालना दिली. या मोहिमेमुळे विरोधी पक्षातील ज्येष्ठ नेते ग्लॅडस्टन यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. सत्तेला अडचणीचा प्रश्न विचारण्यासाठी राजधानीत असावेच लागते असे नाही, हे स्टेड यांनी या काळात दाखवून दिले.

३. मुलाखत आणि लोकप्रिय सेनापती

१८८० मध्ये स्टेड लंडनच्या ‘पॉल मॉल गॅझेट’ या सांजदैनिकात जॉन मॉर्ले यांचे सहायक म्हणून रुजू झाले. १८८३ मध्ये मॉर्ले संसदेत गेले आणि संपादकपद स्टेड यांच्याकडे आले. ठळक मथळे, उपशीर्षके, नकाशे आणि चित्रे यांनी त्यांनी अंकाचे रूप पालटले. मुलाखत हा लेखनप्रकार ब्रिटिश वृत्तपत्रांत रुजवण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे.

त्यांची सर्वांत परिणामकारक मुलाखत जानेवारी १८८४ मधील. सुदानमध्ये महदीच्या नेतृत्वाखाली उठाव झाला होता. तेथील इजिप्शियन फौजा मागे घ्याव्यात, असे ग्लॅडस्टन सरकारचे धोरण होते. त्याच सुमारास जनरल चार्ल्स गॉर्डन इंग्लंडला परतले होते. चीनमधील पराक्रमामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर ते ‘सेलिब्रिटी’ होते. स्टेड साउदॅम्प्टनला जाऊन त्यांना भेटले. ९ जानेवारी रोजी मुलाखत प्रसिद्ध झाली. गॉर्डन यांचे मत सरकारच्या धोरणाविरुद्ध होते आणि गॉर्डन यांनाच सुदानला पाठवावे, अशी मागणी स्टेड यांनी सुरू केली. इतर पत्रांनीही ती उचलून धरली. १८ जानेवारी रोजी सरकारने गॉर्डन यांची रवानगी केली.

येथे थोडे थांबून विचार करावा. गॉर्डन यांना का पाठवत नाही, हा प्रश्न वृत्तपत्रांनी सरकारला एका आवाजात विचारला. त्यांना नेमका कोणता आदेश देणार, माघारीला विरोध असलेला सेनापती माघारीच्या कामावर कसा चालेल, तो वेढ्यात सापडला तर कुमक कधी धाडणार, हे प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडले. लोकप्रिय नावाने धोरणाची जागा घेतली. २६ जानेवारी १८८५ रोजी खार्टूम पडले आणि गॉर्डन मारले गेले. सरकारने उशिरा धाडलेली कुमक दोन दिवसांनी पोहोचली.

४. तुरुंग आणि एका नेत्याचा अस्त

जुलै १८८५ मध्ये स्टेड यांनी लंडनमधील अल्पवयीन मुलींच्या विक्रीवर लेखमाला प्रसिद्ध केली. असा व्यवहार किती सहज होतो हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी मध्यस्थांकरवी एलायझा आर्मस्ट्राँग ही तेरा वर्षांची मुलगी पाच पौंडांच्या बोलीवर मिळवली. लेखमालेने देश हादरला. संसदेत रखडलेले विधेयक ऑगस्टमध्ये संमत होऊन मुलींचे संमतिवय तेरावरून सोळा झाले. मात्र मुलीच्या वडिलांची संमती घेतली नव्हती, या मुद्द्यावर स्टेड दोषी ठरले आणि त्यांना तीन महिन्यांची कैद झाली. पुढे दरवर्षी १० नोव्हेंबरला, म्हणजे शिक्षा झालेल्या दिवशी, ते कैद्याचा पोशाख घालून वावरत.

मराठी वाचकाला या ठिकाणी कोल्हापूर प्रकरण आठवल्यावाचून राहणार नाही. १८८२ साली कोल्हापूरच्या तरुण महाराजांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल दिवाणांवर टीका केल्याने टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्यांनी ज्या पत्रांचा आधार घेतला होता, ती पत्रे बनावट ठरली. दोन्ही प्रकरणांत हेतू लोकहिताचा होता. चूक घडली ती साधनांत. प्रश्न योग्य असला तरी तो सिद्ध करण्याची रीत निर्दोष असावी लागते, हा धडा दोन्हींकडे सारखाच आहे.

त्यानंतरचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. सर चार्ल्स डिल्क हे उदारमतवादी पक्षाचे तेजस्वी नेते होते. भावी पंतप्रधान म्हणूनही त्यांच्याकडे पाहिले जाई. एका घटस्फोटाच्या खटल्यात त्यांचे नाव गोवले गेले. फेब्रुवारी १८८६ मध्ये न्यायालयाने त्यांना खटल्यातून वगळले. परंतु स्टेड यांचे समाधान झाले नाही. डिल्क यांनी साक्ष देऊन स्वतःला निर्दोष सिद्ध करावे, असा आग्रह त्यांनी आपल्या पत्रातून सतत धरला. प्रकरण पुन्हा उघडले गेले, जुलैमध्ये डिल्क यांची बाजू कोसळली आणि मंत्रिपदाची वाट त्यांना कायमची बंद झाली. काही वर्षांनी ते पुन्हा संसदेत निवडून आले, तरीही स्टेड यांचा विरोध मावळला नाही. खासगी वर्तनातील असत्य हे सार्वजनिक अपात्रतेचे लक्षण आहे, अशी स्टेड यांची धारणा होती. ती मान्य केली तरी एक शंका उरते. डिल्क यांच्या राज्यकारभाराविषयी वाचकांना त्या काळात किती कळले आणि त्यांच्या शयनगृहाविषयी किती, याचा हिशेब केला तर पारडे कोणीकडे झुकते हे सांगावयास नको.

५. अखेरचा प्रवास

१८९० मध्ये स्टेड यांनी ‘रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज’ हे मासिक सुरू केले. पुढे ते शांततेच्या चळवळीकडे वळले. बोअर युद्धाला त्यांनी उघड विरोध केला आणि त्यापायी लोकप्रियता गमावली. परलोकविद्येच्या नादामुळेही त्यांच्याविषयीचा आदर कमी झाला. एप्रिल १९१२ मध्ये न्यूयॉर्क येथील शांतता परिषदेत भाषण करण्यासाठी ते ‘टायटॅनिक’ने निघाले आणि १५ एप्रिलच्या पहाटे बोटीबरोबर बुडाले. त्यांचे शव मिळाले नाही.

त्या अपघातात दीड हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. वृत्तपत्रांत बड्या प्रवाशांची नावे झळकली आणि स्टेड हेही त्या बड्या नावांपैकी एक होते. परंतु त्या नावांच्या मागे एक साधा प्रश्न उभा होता. बोटीवर सुमारे २,२०० माणसे असताना जीवरक्षक होड्यांत सुमारे १,१७८ जणांचीच सोय का होती? याचे उत्तर कोणा धनिकाच्या चरित्रात नव्हते. दहा हजार टनांवरील बोटींना सोळा होड्या पुरेत, असा ब्रिटिश व्यापार मंडळाचा जुना नियम होता. ‘टायटॅनिक’ ४६ हजार टनांची असूनही नियमाप्रमाणे तिच्यावर काहीच कमी नव्हते. उलट चार होड्या अधिकच होत्या. विशेष म्हणजे अपुऱ्या होड्यांमुळे बुडणाऱ्या प्रवाशांची काल्पनिक कथा छापून खुद्द स्टेड यांनीच १८८६ साली हा धोका दाखवून दिला होता. तो प्रश्न सव्वीस वर्षे कोणी नेटाने लावून धरला नाही.

६. समारोप

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. प्रसिद्ध व्यक्तीची बातमी हा विषय राष्ट्रीय नेत्यासमोर सर्वस्वी वर्ज्य मानता येणार नाही. त्या बातमीत कायदा, सार्वजनिक पैसा, नेमणूक किंवा नागरिकांची सुरक्षितता गुंतली असेल, तर तेवढ्या भागाबद्दल नेत्याला विचारलेच पाहिजे. ‘टायटॅनिक’च्या बातमीत होड्यांचा नियम होता, गॉर्डन यांच्या बातमीत युद्धाचे धोरण होते. असे काही नसेल, तर नटीच्या विवाहावरील मत विचारून पत्रकार नेत्याला उपकृतच करतो, कारण सोप्या प्रश्नामागे अवघड प्रश्न लपवण्याची सोय त्याला आयतीच मिळते. पत्रकार परिषदेचा वेळ मोजका असतो. तो वाचकाच्या वतीने खर्च होतो, याचे भान ठेवणे हीच प्रश्नाच्या निवडीची कसोटी होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. गॉर्डन प्रकरणात वृत्तपत्रांनी विचारलेला प्रश्न आणि राहून गेलेले प्रश्न यांतील फरक स्पष्ट करा.

२. डिल्क प्रकरणातील स्टेड यांची भूमिका आपणांस योग्य वाटते का? सकारण लिहा.

३. आपल्या वाचनातील प्रसिद्ध व्यक्तीविषयीची एक बातमी निवडा. तिच्या संदर्भात लोकप्रतिनिधीला विचारता येतील असे दोन प्रश्न तयार करा आणि ते विचारणे का आवश्यक आहे ते सांगा.